तपासणीला आलेला फोन

१२ जानेवारी, रविवार

आज घरात स्मार्टफोन आला. मुलगा अनिरुद्ध आणि सून पूर्वा धायरीहून जेवायला आले होते. जेवण झाल्यावर अनिरुद्धने पिशवीतून खोका काढून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, माझा बटणांचा फोन व्यवस्थित चालतो. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "बाबा, घेऊ नका. नुसता तपासा. गुण-दोष लिहून काढा. ठेवायचा की परत करायचा, ते मग तुम्हीच सांगा."

पोराने बरोबर नस पकडली. भोसरीच्या कारखान्यात गिअर तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. वस्तू हातात आली की पास, फेल की दुरुस्तीला, हे ठरवल्याशिवाय मला ती खाली ठेवता येत नाही. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नाही. सुरुवातीला बायकोच्या पोळ्या तपासून पाहिल्या, पण सुंदराच्या खात्यात शेरे चालत नाहीत. तेव्हा ही वही फोनसाठी.

फोनने नाव विचारलं. मी 'कचरू' लिहिलं, त्याने आपल्या मनाने 'कचरा' केलं. पहिलीत असताना मास्तरांनीही हेच केलं होतं. दोष पहिला.

जाता जाता अनिरुद्धने नकाशात काहीतरी जुळवून दिलं. आता त्याच्या फोनवर मी कुठे आहे ते दिसणार आणि माझ्या फोनवर तो. मी म्हणजे निळा ठिपका, तो म्हणजे गोलात त्याचा चेहरा. पूर्वा म्हणाली, "मला नका हं घेऊ त्यात, मी मोकळी बरी." सुंदरा म्हणाली, "यांना शोधायला फोन कशाला? गॅलरीत नाहीतर संडासात."

१६ जानेवारी, गुरुवार

फोन माझ्या बोटाचा ठसा घेत नाही. सगळी बोटं लावून झाली. ग्रीस, पॉलिश पेपर आणि रॉकेलमध्ये धुतलेले पार्ट यांनी बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसून टाकल्या आहेत. चेहरा दाखवला तर चष्म्याशिवाय ओळखत नाही आणि चष्मा लावला तर कधीकधी ओळखतो. शेवटी आकडे टाकून उघडतो. हा दोष फोनचा धरावा की माझा, हे अजून ठरलेलं नाही.

गुण: औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं कॅमेऱ्यातून मोठी दिसतात. विजेरी चांगली आहे.

दोष: न विचारता बोलतो. दशरथ, माझा कारखान्यातला जुना सोबती, रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवून मला सुविचार सांगतो. इतकी वर्षं शेजारच्या बाकावर बसून या माणसाने मला कधी स्वतःहून चहा पाजला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज नकाशा तपासला.

कुठलंही गेज, म्हणजे मापायचं साधन, वापरायच्या आधी मास्टरवर लावून बघायचं, ही आमच्या कामाची पहिली अट. मास्टर म्हणजे ज्याचं माप आधीच पक्कं माहीत आहे असा तुकडा. मास्टरचं माप बरोबर आलं की गेज खरं. त्यानंतर त्याच गेजने एखादा पार्ट वाकडा दाखवला, तर वाकडा पार्टच. गेजशी भांडायचं नाही. नवीन पोरं कायम गेजशी भांडायची.

तर मी मार्केट यार्डाच्या फाटकात उभा राहिलो, गंगाधाम चौकात उभा राहिलो, बसने स्वारगेटला जाऊन तिथेही उभा राहिलो. प्रत्येक ठिकाणी ठिपका माझ्या पायाखाली. मार्केट यार्डाच्या रखवालदाराने विचारलं, "काका, रस्ता चुकलात का?" मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे." तो माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी अनिरुद्धचा चेहरा ऑफिसला, हिंजवडीकडे निघाला होता. नवले पुलावर थांबला, चांदणी चौकात थांबला, वाकडला तर रुतूनच बसला. त्याच्या फोनची बॅटरी किती उरली आहे तेसुद्धा दिसतं. मी फोन लावून विचारलं, पुढे का सरकत नाहीस? तो मोठ्याने हसला. "बाबा, तुम्ही खरंच बघता की काय!"

"तपासतोय."

"बघत जा," म्हणाला.

नकाशा पास.

५ फेब्रुवारी, बुधवार

विशेष काही नाही. फोन चालू आहे. सुंदराने त्यावर भावाशी तोंड बघून बोलून घेतलं. दोघांनीही फोन कानाला लावला होता, त्यामुळे एकमेकांचे कान बघितले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशात पहिली चूक सापडली. भर सकाळी अनिरुद्ध खडकवासल्याच्या धरणाकाठी दाखवतो आहे. हिंजवडी कुठे, खडकवासला कुठे. एवढी चूक आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या, खाली पडलेल्या मायक्रोमीटरनेही केली नसती.

खात्रीसाठी फोन लावला. "ऑफिसात आहे, बाबा. मीटिंग चालूय. नंतर करतो."

आणखी एक दोष लक्षात आला. आवाजात वाऱ्याचा घोंघाट येतो. ऑफिसातल्या एसीचा आवाज इतका येत असेल तर माइक फार भरड आहे.

नंतर त्याने फोन केला नाही. कामात असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज कात्रजच्या तलावापाशी. शुक्रवारी तळजाईच्या टेकडीवर होता. शनिवार-रविवारी धायरीला घरी, म्हणजे बरोबर. सोमवार उजाडला की फोन पुन्हा बिघडतो.

सुंदराने विचारलं, काय एवढं बघता? मी दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, मग फोन माझ्या हातात देऊन आत गेली. मी म्हटलं, बिघडलाय. ती आतून म्हणाली, "हं."

२ मार्च, रविवार

दोघं जेवायला आली होती. सुंदराने मटण केलं होतं. मी अनिरुद्धला फोनचा दोष सांगितला. म्हटलं, तुझा फोन तुला कधी धरणावर नेतो, कधी टेकडीवर. पूर्वा हसली. "बाबा, मलाही नेत जा म्हणावं. लग्न झाल्यापासून कुठे नेलेलं नाही." अनिरुद्ध म्हणाला, "टॉवरचा प्रॉब्लेम असतो, बाबा. होतं असं." त्याच्या तोंडून प्रॉब्लेमचं इतकं ढोबळ कारण मी पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी पंखा का फिरतो हे विचारून त्याने मला पंखा खोलायला लावला होता.

पूर्वा डेक्कनला बँकेत आहे. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या नवऱ्याला आयटीतून काढलं, असं ती सांगत होती. काहीही चूक नसताना, म्हणाली. मी म्हटलं, "काम चोख असेल तर माणसाला कोण काढतं? मला सगळ्या नोकरीत कोणी बोट दाखवलं नाही."

"आता तसं राहिलं नाही हो, बाबा," पूर्वा म्हणाली.

अनिरुद्ध हात धुवायला उठला. ताटात नळी तशीच होती. नळीसाठी लहानपणी बहिणीशी मारामाऱ्या करायचा, आणि आज ती न चोखता उठला. मटण थोडं तिखट झालं होतं खरं.

सुंदरा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिखटाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

फोन परत मास्टरवर लावला. मार्केट यार्ड, गंगाधाम, स्वारगेट. रखवालदार मला बघून खुर्चीवरून उठला. तिन्ही ठिकाणी ठिपका पायाखाली. कुठेही चूक नाही.

अनिरुद्ध आज पुन्हा खडकवासल्याला. बॅटरी दुपारीच तळाला गेली आहे. जानेवारीत ती दिवसभर भरलेली असायची. ऑफिसातले प्लग बंद पडलेत का, विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. चूक फक्त त्याच्या बाबतीत होते. तीही ऑफिसच्या दिवशी, ऑफिसच्या वेळात. गेजला वार कळत नाही.

पुढचं आज लिहीत नाही.

१२ मार्च, बुधवार

पूर्वाचा फोन आला. मधल्या सुट्टीत बँकेच्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

"बाबा, अनिरुद्ध तुमच्याशी काही बोलला का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही हो, तोच तर प्रश्न आहे. घरी येतो, जेवतो, भिंतीकडे बघत बसतो. विचारलं की म्हणतो, कामाचा ताण आहे." मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, तो धरणावर दिसतो म्हणून. ते कधी दिसलं होतं? कुठल्या वारी?"

या वहीत सगळे वार लिहिलेले आहेत. वही समोर उघडीच होती.

मी म्हटलं, "अगं, फोनच बिघडलाय. मलासुद्धा कालपरवा सासवडला दाखवत होता. त्यावर विश्वास ठेवू नकोस."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की."

तिला बरं वाटलं असावं. मला वाटलं नाही. मी कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. साहेबांनी माल पास कर म्हणून दम दिला तेव्हाही नाही. आणि आज चांगल्या गेजला बिघडलेलं म्हणून सांगून मोकळा झालो. का सांगितलं, हे मला नीट कळत नाही. अनिरुद्धने सांगायची गोष्ट मी कशी सांगणार, असं काहीतरी मनात होतं.

ती गोष्ट काय आहे, हे मला ठाऊक आहे असं मात्र नाही.

१७ मार्च, सोमवार

एक लक्षात आलं, ते लिहून ठेवतो. मी तोंडावर सांगितल्यापासून अनिरुद्धला माहीत आहे की तो मला दिसतो. हे दिसणं बंद करता येतं. कुठलं बटण, ते त्यानेच मला दाखवलं होतं. त्याला येतं. त्याने केलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज नवीनच दोष. अनिरुद्धचा चेहरा आमच्याच घरावर येऊन बसला आहे. माझा निळा ठिपका आणि त्याचा गोल एकमेकांवर. सकाळपासून दुपारपर्यंत, मग धायरीकडे गेला.

कारण सापडलं असं वाटतं. या फोनमधलं सिमकार्ड अनिरुद्धच्या नावावर घेतलेलं आहे. फोन बिचारा गोंधळला असेल. नाव त्याचं, माणूस मी. म्हणून मलाच अनिरुद्ध समजून बसला. हे सुंदराला समजावून सांगितलं. ती पीठ मळत होती.

"बरं," म्हणाली.

पीठ नेहमीपेक्षा जास्त दिसलं. कोणी येणार आहे का, विचारलं. "आलं तर असावं," म्हणाली. कोणी आलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याच पोळ्या खाल्ल्या.

२५ मार्च, मंगळवार

काल आणि आज पुन्हा तेच, दोन्ही ठिपके एकावर एक. सिमकार्डाचं कारण तपासणं अगदी सोपं होतं. फोन घेऊन मी घरापासून लांब जायचं. फोन मलाच अनिरुद्ध समजत असेल, तर त्याचा चेहरा माझ्याबरोबर चालेल.

ही चाचणी मला शुक्रवारीच सुचली होती. केली आज.

गंगाधाम चौकापर्यंत चालत गेलो. निळा ठिपका माझ्याबरोबर आला. अनिरुद्ध जागचा हलला नाही. तो आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत होता, पिठाच्या बंद गिरणीजवळ. चौकात उसाच्या गुऱ्हाळापाशी एक बाकडं आहे, तिथे बसलो. रस मागवला, प्यायलो नाही.

परत येताना मागच्या गल्लीने आलो असतो तर जवळ पडलं असतं. मी लांबच्या रस्त्याने आलो. तपासणी अर्धवट सोडायची मला सवय नाही, पण आज सोडली. भीती वाटली, दुसरं काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी अनिरुद्धचा चेहरा पुन्हा माझ्या ठिपक्यावर येऊन बसला. मी नोंद करायला पेन उघडलं. सुंदराने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"पुरे झाली तपासणी. खाली जा आणि त्याला वर घेऊन या."

मी फोन तिच्यापुढे धरला.

"अहो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी दिसते. शुक्रवारपासून बघतेय मी."

"मग हाक नाही मारायची? निदान फोन करायचा."

"मी बोलावलं असतं तर आला असता. जेवला असता, तुमच्यापुढे हसून ऑफिसच्या चार गप्पा मारून गेला असता. त्याला माझ्याकडे यायचं नाही. तुमच्याकडे यायचंय. काम चोख असेल तर कोण काढतं म्हणालात ना? तेव्हापासून त्याची वाट अडलीय. आणि तुम्हाला मोजल्याशिवाय काही पटत नाही, म्हणून मी थांबले."

"नोकरी गेली असेल," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून निघाले ते आज पहिल्यांदा.

"नाहीतर काय, धरणावर मासे धरायला जातो?"

चपला घातल्या आणि खाली गेलो. जिना उतरताना माझं ते 'कोण काढतं' आठवत होतं. भात वाढून घेताना बोललो होतो मी ते. त्याच्याकडे न बघता बोललो होतो.

गाडी गिरणीच्या पत्र्यासमोर उभी होती. अनिरुद्ध आत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मांडीवर पूर्वाने दिलेला डबा उघडा होता आणि हातात पोळीचा घास होता. मी दिसलो तसा हात थांबला. त्याने काच खाली केली.

"बाबा."

"गार खातोयस. आई म्हणते डबा वर घेऊन ये, गरम करून देते."

तो समोरच्या पत्र्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"फोन बरोबर दाखवतो."

"पूर्वाला तर बिघडलाय म्हणून सांगितलंत. तीच म्हणाली मला, बाबांना सासवडला दाखवतो म्हणून."

"खोटं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा चांगल्या मालाला फेलचा शिक्का मारला."

त्याला हसू आलं आणि हसता हसता तोंड वाकडं झालं. घास डब्यात परत ठेवला. माझ्या मुलाला रडताना मी तो शाळेत होता तेव्हाच काय ते पाहिलं होतं. खिडकीतून हात घालून त्याच्या मानेवर ठेवला आणि तसाच उभा राहिलो. एक रिक्षावाला हॉर्न देऊन वैतागून गेला.

"फेब्रुवारीतच काढलं," म्हणाला. "अख्खी टीम बंद केली. सकाळी मेल आला, दुपारी लॅपटॉप जमा. घरी सांगायचं म्हणून निघालो आणि धरणावरच गेलो. मग रोज वाटायचं, उद्या सांगू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझं काम चोख होतं, बाबा."

मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला कधी वाटलं असेल तर आठवत नाही. मी म्हटलं, "मी त्या दिवशी न मोजता बोललो. चुकलं माझं." माफी मागायची मला सवय नाही. ही मागितली, एवढं इथे नोंदवतो.

त्याने गाडीला कुलूप लावलं. जिना चढताना मी विचारलं, "मला दिसतोस हे माहीत होतं तुला. बंद का नाही केलंस?"

त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "एकदा बटणावर बोट ठेवलं होतं. मग वाटलं, राहू दे. सगळ्यांच्या लेखी मी ऑफिसात होतो, खरा कुठे आहे ते एकट्या तुम्हाला दिसत होतं. बरं वाटायचं तेवढंच." मग म्हणाला, "या गल्लीत रोज वर यायचं म्हणूनच येत होतो. दारापर्यंत यायचो आणि परत गाडीत जाऊन बसायचो."

दारात सुंदरा उभी होती. तिने त्याच्या हातातला डबा घेतला. "चवळी आहे होय? गरम करते. हात धुऊन घे," म्हणाली. बाकी काही नाही.

संध्याकाळी पूर्वा बँकेतून थेट इकडे आली. अनिरुद्धने स्वतः सांगितलं. आम्ही दोघं गॅलरीत जाऊन उभे राहिलो. आतून आधी पूर्वाचा आवाज चढला, मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भांडं वाजलं.

"चहा टाकला वाटतं," सुंदरा म्हणाली. "आता आत जायला हरकत नाही."

आत गेल्यावर पूर्वा माझ्याकडे वळली. डोळे लाल होते. "सासवड काय, बाबा? इतकं सरळ खोटं बोलता येतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "येत नव्हतं. शिकतोय."

ती माझ्यावर रागावलेली आहे आणि तो राग रास्त आहे.

६ एप्रिल, रविवार

अनिरुद्धला अजून नोकरी लागलेली नाही. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिसरीकडून काही कळवलेलं नाही. मधल्या दिवसांत कधी तो घरी बसून काम शोधतो, कधी आमच्या जेवणाच्या टेबलावर. त्याच्या फोनची बॅटरी आता संध्याकाळपर्यंत भरलेली असते. आमच्या टेबलाजवळ प्लग आहे.

पूर्वा माझ्याशी बोलायला लागली आहे. तिने मागून घेतलं म्हणून तिलाही नकाशात घेतलं. मोकळी बरी असं आता म्हणत नाही.

आज जेवायला मटण होतं. अनिरुद्धने आपली नळी संपवून माझ्या ताटातली उचलली. जेवण झाल्यावर म्हणाला, "बाबा, रिपोर्ट राहिलाय तुमचा. फोन ठेवायचा की परत करायचा?"

मी वही आणली आणि वाचून दाखवलं. बोटांचा ठसा घेत नाही, हा दोष माझ्याकडे वर्ग केला. दशरथची फुलं दशरथकडे. माइकमध्ये काही दोष नाही, तो वाराच होता. नकाशा तपासला, मापात आहे. निर्णय: ठेवायचा.

"म्हणजे दोष एकही नाही?"

"एक आहे."

तो मी त्या गुरुवारीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, सगळे झोपायला गेल्यावर फोन बघून. तेवढा वाचून दाखवला नाही. नकाशात मजला दिसत नाही. खाली गाडीत बसलेला माणूस तीन जिने चढून वर आला, आपल्या आईसमोर ताटावर बसला, आणि नकाशावर ठिपका जागचा हलला नाही.